‘स्टॅगर’ म्हणजे नुसते लडखडणे नव्हे!

इंग्रजीच्या गाइडात ‘स्टॅगर’ या क्रियापदापुढे बहुधा ‘लडखडणे’ एवढा एकच अर्थ छापलेला असतो. ‘टॉटर’ आणि ‘रील’ यांच्यापुढेही पुष्कळदा तोच! परीक्षेपुरते हे भागते. पण या सवयीने आपण इंग्रजीला मुकतो आणि मराठीलाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी डिचोली तालुक्यातला. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. पेडणे-डिचोलीकडच्या आमच्यासारख्या पुष्कळांचे शिक्षण त्यामुळे चौथीपर्यंत मराठीतून झाले, आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी! वर्गातली बोलकी मुले तिथे गप्प होतात. पण ती रिकाम्या हाताने का आलेली असतात? दारू प्यालेला झोकांड्या खातो, नुकते चालू लागलेले मूल दुडुदुडु चालते, तापातून उठलेल्याचे पाय लटपटतात, एक पाय आखूड असलेले स्टूल डुगडुगते, तेरेखोलच्या खाडीत होडी हेलकावे खाते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

मग इंग्रजी शब्दही तसेच का शिकवू नयेत? झोकांड्या खाणारा किंवा ओझ्याखाली भेलकांडणारा तो ‘स्टॅगर’, पडू की काय अशा पावलांनी चालणारे मूल किंवा म्हातारा तो ‘टॉटर’, डुगडुगणारे स्टूल ते ‘वॉबल’, आणि खड्ड्यात चाक जाऊन एकाएकी एका अंगाला कलणारा खनिजाचा ट्रक तो ‘लर्च’. कोण हलते आणि कशाने, हे कळले की शब्द आपोआप जागेवर बसतो.

शिवाय ‘स्टॅगर’चे एवढ्यावर संपत नाही. एखाद्या बातमीने माणूस ‘स्टॅगर’ होतो, म्हणजे थक्क होतो. कचेरीच्या वेळा ‘स्टॅगर’ केल्या, म्हणजे सर्वांनी एकदम न येता पुढेमागे यावे अशा ठेवल्या. गाइडवाल्याचा अर्थ इथे लावला, तर वेळाच लडखडू लागतील!

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. त्यात एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांगच्या रांग आढळते. परक्या देशातून आलेल्यांनी आपली भाषा इतक्या बारकाईने ऐकावी, आणि आपण ती एका शब्दात गुंडाळावी, हे काही बरे नाही.

माझी प्राध्यापकांना विनंती आहे, की ‘अर्थ सांगा’ असे विचारण्याआधी ‘तुमच्या गावी याला काय म्हणतात?’ असे विचारावे. मागच्या बाकावरचाही बोलू लागेल. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही आपले शब्द मांडावेत. इंग्रजी शिकताना आपली पावले थोडी लटपटणारच. पण मातृभाषेची काठी हाती असताना ती टाकून का चालावे?