खेकड्यांचं बेट सोडताना

बालमित्रांनो, आज जगाचा नकाशा जवळ घेऊन बसा. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जिथे एका चिंचोळ्या पट्टीने जोडल्या आहेत, तिथे पनामा देश सापडेल. त्याच्या कॅरिबियन समुद्राच्या बाजूला साडेतीनशेच्या आसपास चिमुकली बेटं आहेत. नकाशात शोधू नका, दिसणार नाहीत! तिथे गुना नावाचे आदिवासी राहतात. त्यातल्या एका बेटाचं नाव गार्दी सुग्दुब, म्हणजे खेकड्यांचं बेट.

लांबी साधारण ४०० मीटर, रुंदी १५०. तुमच्यातला चपळ गडी दोन मिनिटांत या टोकाकडून त्या टोकाला जाईल. पण पळणार कुठून? हजाराहून जास्त माणसं, आणि घराला घर चिकटलेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोराचे वारे सुटले की समुद्राचं पाणी गल्ल्यांतून थेट घरात यायचं.

समुद्र वर का चढतो, सांगा पाहू? पृथ्वी तापली की समुद्राचं पाणीही तापतं आणि तापलेलं पाणी जास्त जागा घेतं. शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. १९९३ पासून उपग्रह ही पातळी मोजताहेत. तेव्हा ती वर्षाला साधारण २ मिलिमीटर वाढत होती, आता साडेचारच्या घरात वाढते. म्हणजे पाणी वाढतंय ते वाढतंयच, पण वाढायचा वेगही वाढतोय.

सगळा दोष समुद्रालाच देऊ नका, बरं का. राहायला जागा पुरेना, म्हणून गुना लोकांनी वर्षानुवर्षं समुद्रातली पोवळी काढून भराव घातला. पोवळ्यांची ती रांग लाटा अडवायची. ती कमी झाली आणि लाटांना वाट मोकळी मिळाली.

२०१० च्या सुमारास गावकऱ्यांनी ठरवलं, मुख्य भूमीवर जायचं. प्रत्यक्ष जायला २०२४ चा जून उजाडला! तब्बल १४ वर्षं. तेव्हा साधारण ३०० कुटुंबांना इसबेरयाला या नव्या वस्तीत घरं मिळाली. सिमेंटची पक्की घरं, भाजीपाला लावायला थोडी जागा, गुडघाभर पाण्याची भीती नाही. मग सगळे आनंदाने गेले असतील ना? नाही. काहीजण बेटावरच राहिले. ज्याचं पोट मासेमारीवर आहे, त्याने होडी दारापासून लांब बांधायची कशी? मला ही माणसं हट्टी वाटत नाहीत.

गार्दी सुग्दुबच्या लोकांचं नवं घर निदान होडीने काही मिनिटांवर आहे. प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाला उंच जमीनच नाही. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये त्यांच्याशी करार केला आणि दरवर्षी २८० जणांना तिथे राहायला यायची वाट उघडली. देशाची वस्ती जेमतेम १० हजार. २०२५ मध्ये पहिल्यांदा अर्ज मागवले, तर कुटुंबातली माणसं धरून बहुतेक सगळा देशच रांगेत उभा! निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. पण त्याच लोकांनी २०२३ मध्ये आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवलंय की, जमीन बुडाली तरी तुवालू हा देश राहील. जायची तयारीही आहे आणि सोडवतही नाही.

पालकांनो, या रविवारी जेवताना मुलांना विचारा, आपल्यावर अशी वेळ आली तर जायचं की राहायचं? आजीलाही विचारा. अट एकच, प्रत्येकाने कारण सांगायचं आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही.