मोकळा रस्ता

माझी पुतणी दोन वर्षे ऑस्ट्रियात इन्सब्रुकला शिकून गेल्या वर्षी परत आली. येताना तिने काकूसाठी चॉकलेटे आणली आणि माझ्यासाठी एक डोकेदुखी. या डोकेदुखीचे नाव सायकल! आल्प्सच्या डोंगरांतून म्हणे इन नावाची नदी वाहते, आणि तिच्या सोबतीने स्वित्झर्लंडपासून ऑस्ट्रियातून थेट जर्मनीतल्या पासाऊ गावापर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. बऱ्याच ठिकाणी मोटारींना तिथे मज्जाव. पिकल्या केसांच्या आजीबाई पुढच्या टोपलीत कुत्रे बसवून खुशाल फिरून येतात. हे वर्णन आठ दिवस रोज जेवताना ऐकले. नवव्या दिवशी ती म्हणाली, "काका, आपल्याकडे असलं काही नाहीच का हो?"

आता मी पडलो पुणेकर. तीस वर्षे कचेरीत सायकलने गेलेला. ज्या गावाला एके काळी लोक सायकलींचे शहर म्हणत, त्या गावात आज रस्ता ओलांडायचा तर घरी सांगून निघावे लागते. माझी सायकल केव्हाच माळ्यावर गेली होती. पण अभिमान काही माळ्यावर ठेवता येत नाही. मी ताडकन म्हणालो, "नाही कसं? जुन्नर-आंबेगावला आहे!"

बोलून गेलो, आणि मग ते खरे करून दाखवणे आले.

तसा मी अगदीच ठोकून दिले नव्हते. नोकरीच्या निमित्ताने तो मुलूख मी पाहिला होता. पुष्पावती, कुकडी, मीना आणि घोड या चार नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला वाहतात. प्रत्येकीचे खोरे वेगळे, प्रत्येकीला धरण आणि धरणाच्या कडेने वर जाणारा रस्ता. कोकणात उतरणारी मोटारींची वर्दळ माळशेज घाटाने जाते. कुकडीचा आणि घोडचा रस्ता मात्र कड्यापाशी जाऊन संपतो, पुढे पायवाट. जो रस्ता पुढे कुठेच जात नाही, त्याने मोटारवाला कशाला जाईल? सायकलस्वाराला याहून काय हवे?

कार्तिकात निघालो. पुणे-नाशिक रस्त्यावर सायकल चालवणे म्हणजे विम्याच्या कंपनीशी वैर, म्हणून भाजी उतरवून रिकामा परतणाऱ्या एका टेम्पोत सायकली टाकल्या आणि नारायणगाव गाठले. सौभाग्यवतींनी चिवड्याचा डबा, अमृतांजन आणि "अहो, या वयात!" एवढी शिदोरी बरोबर दिली होती.

पहिला दिवस नाणेघाटाचा. जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघर असा तीसएक किलोमीटरचा रस्ता. शिवनेरी मागे पडला की वर्दळ विरळ होत जाते. उजवीकडे मधूनमधून माणिकडोहचे पाणी दिसते. भाताची कापणी चालली होती आणि साऱ्या खोऱ्याला ओल्या पेंढ्याचा वास होता. चावंडच्या आसपास चढ लागतात. तिथे खुशाल उतरून सायकल हाताने न्यावी. लाज वाटायचे कारण नाही, बघायला कोणी नसते. तासाभरात आम्हांला दोन मोटारसायकली आणि एक बैलगाडी भेटली. बैलगाडीने आम्हांला मागे टाकले, हे पुतणीने घरी सांगू नये अशी तिला तंबी दिली होती. तिने ती पाळली नाही.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. सोपारा-कल्याणहून माल घेऊन चढणारे तांडे इथे जकात भरीत आणि ती या रांजणात पडे, असे परंपरेने सांगतात. खाली गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरले आहेत. आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत ते मोडतात. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

"काका, म्हणजे हा एके काळचा हायवेच!" पुतणी म्हणाली.

खरेच होते. ज्या वाटेवर जकात घ्यायला माणसे बसवावी लागत, तिथे आम्ही दोघे चिवडा खात बसलो होतो. मात्र पावसाळ्यातल्या रविवारी इथे येऊ नका. उलटा उडणारा धबधबा पाहायला तेव्हा इतक्या मोटारी लोटतात की पुन्हा रांजण मांडावा!

दुसऱ्या दिवशी मीनेचे खोरे ओलांडून घोडेगावला आलो. तिथल्या खाणावळीत मासवडी आणि भाकरी खाल्ली. (मासवडीत मासा नसतो, बेसनाच्या आवरणात तीळखोबऱ्याचे सारण असते. हे वाचून शाकाहारी वाचकांनी सुटकेचा श्वास सोडावा.) आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगावला. मग आंबेगाव कुठे आहे? ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. तालुक्याला नाव दिलेले गाव बुडाले आणि नाव तेवढे कागदावर राहिले.

या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि तिच्याखाली गेले. त्यांच्या नावाच्या पाण्याकाठी आम्हांला दिवसभरात लॉरी दिसली नाही.

डिंभ्याहून आहुप्याकडे जाणारा रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत जातो. एका बाजूला निळे पाणी, दुसऱ्या बाजूला हिरड्याची झाडे आणि डोंगर. पुतणी गप्प झाली होती. आल्प्सचे नावसुद्धा तिने दोन तास काढले नाही. मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो. तेवढ्यात माझे मागचे चाक बसले!

जवळच एका घराच्या ओट्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. त्यांनी घमेल्यात पाणी आणून दिले. त्यात ट्यूब बुडवून भोक शोधता शोधता मी रस्त्याची स्तुती सुरू केली. केवढी शांतता, गाडी म्हणून नाही, कसे भाग्य तुमचे, वगैरे. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. मग तो शांतपणे म्हणाला, "गाडी येत नाय म्हनून तुमी येता, बाबा. अन् गाडी येत नाय म्हनून आमची पोरं जात्यात."

माझ्या हातातले पॅच तसेच राहिले. त्याचा मुलगा चाकणला कारखान्यात होता. सून आणि नातवंडे तिकडेच. आजारी माणूस घोडेगावला न्यायचा तर एसटीची वाट पाहायची. ती चुकली की दिवस गेला.

माळीण याच बाजूच्या डोंगरातले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा खचून गाव गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे दगावली. नेहमीच्या वाटेने आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. त्याने खबर दिली, तेव्हा बाहेर कळले. म्हाताऱ्याने हे सांगितले आणि घमेल्यातले पाणी आळूच्या वाफ्यात ओतले. मी ज्या रस्त्याच्या शांततेचे कौतुक करीत होतो, त्या रस्त्यावरची ती एक गाडी आली नसती तर हाक पोचायला किती वेळ लागला असता कोण जाणे.

परतताना पुतणी म्हणाली, "काका, तिकडे काठावरच्या गावांतून आगगाडीही जाते, बसही जाते. लोकांची सोय आधी आहे, म्हणून सायकलची वाट म्हणजे नुसती मौज. आपण दुसऱ्याच्या गैरसोयीवर मौज करत होतो की काय?"

मी तिला उत्तर दिले नाही. पण तेव्हापासून विचार करतो आहे. रस्ता मोकळा राहावा असे मला वाटते, आणि त्या म्हाताऱ्याची गाडी वेळेवर यावी असेही वाटते. या दोन्हींत वैर नाही. आपल्या शंभर मोटारी तिथे गेल्या तर त्याचे काही भले होणार नाही. एक एसटी जास्त आली तर होईल.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीनंतर जरूर जा. भात निघाल्यापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. मोटार असेल तर ती जुन्नरला किंवा घोडेगावला ठेवा आणि पुढे सायकलने जा. पंप, पॅच आणि पाणी जवळ बाळगा. जेवण तिथल्याच एखाद्या घरी आधी सांगून ठेवा आणि घासाघीस न करता पैसे द्या. आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा. हा बिबट्यांचा मुलूख आहे. खालच्या अंगाला उसात तर ते फारच. माणसांचे जीवही गेले आहेत. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून काय ते ओळखा.

माझी सायकल आता माळ्यावरून उतरून जिन्याखाली आली आहे. माघात पुन्हा आहुप्याला जायचे ठरते आहे. म्हाताऱ्यासाठी पुतणीने पंप घेऊन ठेवला आहे, कारण त्याच्या नातवाची जुनी सायकल ओट्याशी हवा जाऊन पडलेली तिने पाहिली होती. आणि या खेपेला सौभाग्यवतीही येणार आहेत.

"तुम्ही या सायकलने धापा टाकत," त्या म्हणाल्या, "मी आपली एसटीने येईन. एसटीला तेवढंच एक तिकीट जास्त!"