अंगणावर उपग्रहाची थेट नजर? नाही

संपादक महोदय,

‘कोणीही कोणाचेही अंगण उपग्रहातून थेट पाहू शकतो’ हे आपल्या लेखातील विधान चुकीचे आहे. गुगल अर्थवरची चित्रे महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे जुनी असतात. बारकावे टिपणारे उपग्रह साधारण ५०० ते ८०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जातात. एका गावावर ते थांबूच शकत नाहीत. एकाच जागी दिसतात ते इन्सॅट-३डीआरसारखे भूस्थिर उपग्रह, तब्बल ३६ हजार किलोमीटरवर. इन्सॅट-३डीआरच्या चित्रातला सर्वांत लहान ठिपकाही एक किलोमीटरचा. त्यात ढग दिसतात, अंगण नाही. आणि हे चित्रही साधारण अर्ध्या तासाने बदलते.

खासगीपणाची काळजी रास्त आहे, पण ती चुकीच्या माहितीवर उभी करू नये. उलट जे खरोखर खुले आहे, त्याचा लेखात उल्लेखच नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ची १० मीटरपर्यंत स्पष्ट चित्रे सुमारे पाच दिवसांनी विनामूल्य मिळतात. लँडसॅट उपग्रहांची चित्रेही २००८ पासून विनामूल्य आहेत. धरणाचे आटलेले पाणी, जळालेले जंगल, नदीपात्रातला भराव कोणताही नागरिक त्यांत तपासू शकतो.

कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, नाशिक