‘काय द्यायचं ते द्या’ हे बलुत्याचं वाक्य आहे

हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव. मुळशी तालुक्याच्या या पट्ट्यात टॉवर उभे राहिले तसे घरगुती गॅसचे कामही वाढले. शेगडी दुरुस्ती, रेग्युलेटर, रबरी नळी, गळती. आपले तरुण या कामात आहेत. काम चोख करतात. पण गिऱ्हाइकाने “किती झाले?” विचारले की मान खाली घालून म्हणतात, “काय द्यायचं ते द्या, साहेब.”

आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. याला नम्रपणा म्हणू नका. ही बलुत्याची सवय आहे. बलुत्यात काम गाव सांगायचे आणि पदरात किती टाकायचे हेही गावच ठरवायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. महाराची कामे कोणती आणि त्याचा मोबदला किती, हे पक्के व्हावे हा त्यातला एक मुद्दा होता. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली कायदा झाला. पण तो कायदा दुसऱ्याकडे राबणाऱ्यासाठी होता. स्वतःच्या धंद्यात आपले किमान वेतन आपणच ठरवायचे असते.

कसे? वही घ्या. समजा घरखर्च १८,०००. पेट्रोल, फोन, हत्यारे, गाडी मिळून ७,०००. आजारपण, विमा, शिल्लक ५,०००. एकूण ३०,०००. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण पिरंगुटहून हिंजवडीला जाणे, गेटवर थांबणे, सामान आणणे यात निम्मे तास जातात. पैसे मिळतात १०० तासांचे. म्हणजे तासाचा दर ३०० रुपये, सामान वेगळे. जो २०० ने भागून १५० सांगतो, तो निम्मा महिना वेठ करतो.

“तासाचा दर ऐकून गिऱ्हाईक बिचकते,” असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. मग तास वहीत ठेवा आणि गिऱ्हाइकाला कामाचा आकडा सांगा. पण काम सुरू करण्याआधी सांगा. येण्याचा आकार फोनवरच सांगा. पावती द्या.

“शेजारचा शंभरात करतो,” असेही म्हणतील. शंभरात करणारा घाई करतो. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघायला वेळ लागतो, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. दर पाडणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात धोका ठेवून येणे. आपला दर या तपासणीचाही आहे, हे ताठ मानेने सांगा.

वस्तीतल्या म्हातारीला सूट जरूर द्या. पण पावतीवर पूर्ण दर लिहून खाली सूट दाखवा. म्हणजे ती आपली मैत्री ठरेल, आपली किंमत ठरणार नाही.

एकट्याचा दर पाडता येतो, दहा जणांचा पाडणे अवघड. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की गॅस, नळ, वायरिंगची कामे करणाऱ्यांनी वह्या घेऊन बसावे आणि ‘याखाली जायचे नाही’ असा एक आकडा ठरवावा. संघटित व्हा, याचा आजच्या पोटापाण्यातला अर्थ आम्हाला हाच दिसतो.

जयभीम!