कासवांची गॅरंटी

खरं तर ट्रॅव्हल कंपन्यांवर मला लिहायचंच नव्हतं. माझा मावसभाऊ त्याच धंद्यात आहे आणि तो इथे येऊन वाचतो. (दादा, चहा घेऊन बस.) पण गेल्या आठवड्यात त्याने पुढच्या सीझनचं पत्रक कौतुकाने पाठवलं. वर मोठ्या अक्षरांत "वेळास कासव महोत्सव - पिल्लं दिसण्याची गॅरंटी!" आणि खाली हिरव्या रंगात, "आपल्या प्रत्येक बुकिंगमधले ५० रुपये कासव संवर्धनासाठी". तेव्हापासून डोकं फिरलंय.

वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटला लागून असलेलं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक उकरून न्यायचे, खायचे, विकायचे. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात. हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता गॅरंटीचं बघा. मादी रात्री वर येते, दीडेक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. परत ढुंकूनही बघत नाही. गावातली पोरं पहाटे माग काढत किनारा चालतात, अंडी उचलून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात पुरतात. मग साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. वाळू किती तापते त्यावर ते दिवस ठरतात. (पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा!) यात तुमच्या शनिवार-रविवारची गॅरंटी कोण देणार? वाळू?

दोन वर्षांपूर्वी आई, मी आणि भाचा गेलो होतो. सकाळी टोपल्या उचलल्या तर एकीखाली सात-आठ पिल्लं वळवळत होती. आईने तर हातच जोडले. तेवढ्यात पुण्याच्याच एका कंपनीचा टूर लीडर हॅचरीतल्या मुलाला म्हणाला, "दोन-चार ठेव ना मागे, आमची दुसरी बस दहाला पोचतेय." मुलगा म्हणाला, "नाही हो साहेब, आली की सोडायची." यावर साहेबांचं उत्तर, "अरे, आम्ही पैसे देतो तुमच्या कासवांना!"

पिल्लू पोटात थोडीशी शिदोरी घेऊन बाहेर येतं. तिच्या जोरावर पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहायचं आणि किनाऱ्यालगतच्या माशा-पक्ष्यांपासून लांब, खोल पाण्यात पोचायचं. टपात ठेवलं तर तीच ताकद टपाच्या भिंतीवर हातपाय मारण्यात जाते. वर मार्चमधलं दहाचं ऊन. तो मुलगा बरोबरच होता, पण समोरच्याच्या हातात तीस माणसांचं बुकिंग होतं, हेही त्याला कळत होतं. त्याचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी रात्री आणखी एक गोष्ट सांगितली. आदल्या आठवड्यात एका ग्रुपने दोन दिवस आधी फोन करून बुकिंग रद्द केलं. का, तर "सध्या पिल्लं निघत नाहीयेत म्हणे". काकूंनी नारळ, तांदूळ भरून ठेवलेले, शेजारच्या दोघींना मोदकांसाठी सांगून ठेवलेलं. अॅडव्हान्स? काही नाही. कंपनीने प्रवाशांचे पैसे परत केले असतील, सौजन्य म्हणून. काकूंचे कोण देणार?

दादाचं म्हणणं मला पाठ आहे. "आम्ही गाड्या नेतो म्हणून गावात पैसा येतो, आणि पैसा येतो म्हणून अंडी राहतात." शंभर टक्के खरं आहे रे! घराघरांत चार पैसे पोचले म्हणूनच ही राखण इतकी वर्षं टिकली. मी पर्यटनाच्या विरोधात नाहीच. पण अंडी घालायला सुरुवात होते नोव्हेंबरच्या सुमाराला. डिसेंबरच्या थंडीत, रात्री-पहाटे, कुत्री-कोल्हे पोचायच्या आत किनारा चालावा लागतो. तेव्हा एकही बस येत नाही. बस येते मार्चमध्ये, सगळं तयार झाल्यावर, आणि मग त्या ५० रुपयांच्या बदल्यात वेळापत्रकही स्वतःच ठरवायला बघते. याला मदत म्हणायचं? आमच्या गल्लीत गणपतीची वर्गणी देऊन आरतीची वेळ बदलायला लावणारे एक गृहस्थ होते, त्यांची आठवण झाली. असो.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. होडी त्यांची, माहिती सांगणार त्या. तिथे कंपनीने फक्त माणसं न्यायची आणि गप्प बसायचं. जमतं की!

तर दादा, ते हिरव्या अक्षरांतले ५० रुपये काढून टाक. गॅरंटीची ओळ तर आधी काढ. तिच्या जागी छाप की पिल्लं दिसतील किंवा दिसणार नाहीत, आणि दिसली नाहीत म्हणून पैसे परत मिळणार नाहीत. घरांचा अॅडव्हान्स नोव्हेंबरातच पाठव, न परतीच्या बोलीवर. गाव म्हणालं या शनिवारी तीसच माणसं, तर तीसच ने. दुसरी बस नेऊच नकोस. चार गिऱ्हाइकं कमी होतील, मान्य आहे. मावशी, तूही जरा सांग त्याला, माझं तो ऐकत नाही.

मी काल काकूंना फोन केला. फेब्रुवारीअखेरचे दोन दिवस, चार माणसं. पैसे आत्ताच पाठवते म्हटलं, पिल्लं असोत नसोत. त्या म्हणाल्या, "अगो, नसली तर काय करशील दोन दिवस?" म्हटलं, तुमच्याकडे बसून मोदक वळायला शिकेन :)