पहिल्या ईदनंतरचे गिऱ्हाईक

जुन्या नाशकात चौक मंडई, दूधबाजार, कथडा किंवा पुढे वडाळा नाका, पखाल रोड या भागांत घरोघर शिलाई मशीन चालते, यात नवे काही नाही. नवे आहे ते मशीनशेजारी उभे केलेला मोबाइल. क्रोशाचे जुजदान, भरतकामाची जानमाज, हिजाबच्या पिना, ईदीची पाकिटे, आयतींच्या रेझिनच्या फ्रेम असे कितीतरी सामान आज घरातूनच विकले जाते. दुकानाचे भाडे नाही, पाटी नाही, गल्ल्याच्या जागी क्यूआर कोड. पहिली ईद जोरात जाते आणि मग सगळे शांत होते. "आमचे काही चुकले का?" असे या भगिनी विचारतात.

बहुतेक वेळा चुकलेले काहीच नसते. पहिल्या ईदला घेणाऱ्या खाला, फुफी, भाभी आणि शाळेतल्या मैत्रिणी असतात. त्या मायेपोटी घेतात, आणि मायेची खरेदी एकदाच होते. खरा धंदा सुरू होतो तो मालेगाव, भिवंडी किंवा पुण्यातली अनोळखी बाई पैसे पाठवते तेव्हा. तिला आपली ओळख नाही, ती फक्त वस्तू पाहते. म्हणून ओळखीच्यांकडून पैशांपेक्षा वेगळी मदत मागावी. वस्तू वापरात असतानाचा फोटो आणि दोन खऱ्या ओळी त्यांच्याकडून घ्याव्यात, आणि त्यांच्या परवानगीने लावाव्यात.

आता किमतीचे. समजा, एका जुजदानाला दोरा ९० रुपये, अस्तर आणि बटण ३०, पाकीट आणि टेप २० असा १४० रुपये खर्च आला आणि विणायला पाच तास लागले. २५० ला विकले तर ११० उरले, म्हणजे तासाला २२ रुपये. रंग ठरवताना फोनवर गेलेला वेळ यात धरलेलाच नाही. "घरीच तर बसलेली असते" हे वाक्य घरातले लोक म्हणतात तोवर ठीक. भगिनी स्वतःच ते मानू लागली की किंमत अशी पडते. महिनाभर विणून हातात काही उरत नाही, मग सुई खाली ठेवली जाते, आणि घरातले म्हणतात, हौस फिटली. आमचे मत असे, की मोठ्या कामाची किंमत पाडू नये. ते फक्त ऑर्डरवर करावे, ४५० सांगावे आणि गप्प राहावे. सोबत तासाभरात होणारे छोटे काम ठेवावे, जसे तसबीहची पिशवी किंवा किताबातली खूणपट्टी. कमी पैसेवालीलाही काही घेता येते, आणि तीच पुढे मोठी वस्तू मागते.

फोटोबाबत आपल्या जिल्ह्यातल्याच येवल्याकडून शिकण्यासारखे आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात यंत्रावरची स्वस्त नक्कल भरपूर आहे. जाणकार गिऱ्हाईक काय करते? पदर उलटून पाहते. हातमागाच्या अस्सल पदराची नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. नकलेत मागे धागे लोंबत असतात. शिवाय लोक येवल्यात विणकराच्या घरी जाऊन माग चालताना पाहतात. पाहून झाल्यावर किमतीवर घासाघीस करायला जीभ धजत नाही. मोबाइलवरही हेच करता येते. भरतकामाची मागची बाजू दाखवावी, अर्धवट विणलेला तुकडा दाखवावा, चालणारे हात दाखवावेत. चेहरा दाखवायचा नसेल तर मुळीच गरज नाही.

आणि उणीव असेल तर तीही दाखवावी. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर बोटांना ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला विचारले होते. ही हदीस आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. मोबाइलचा फिल्टर म्हणजे ढिगाचा वरचा कोरडा थरच. मरून रंग फोटोत लाल दिसत असेल तर तसे लिहावे. रंग जातो का, आकार किती सेंटिमीटर, धुवायचे कसे, हेही लिहावे. आयतीची फ्रेम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इंटरनेटवरून घेतलेल्या नमुन्यात कधी नुक्ता गळालेला असतो, कधी अक्षर तुटलेले असते. रेझिन ओतण्याआधी एखाद्या हाफिज साहेबांना किंवा आलिमांना दाखवून घ्यावे. ओतल्यावर दुरुस्ती नाही.

व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे वेगळे ॲप भारतात २०१८ पासून आहे. त्यात कॅटलॉग लावता येतो, तरी पुष्कळ भगिनी रोज ग्रुपवर पंचवीस फोटो टाकतात आणि लोक ग्रुप म्यूट करतात. ब्रॉडकास्ट यादी बरी. एका यादीत २५६ नंबर बसतात. पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो, हे अनेकींना माहीत नसते. म्हणून पार्सलमध्ये ठेवायच्या चिठ्ठीवर आभारासोबत "नंबर सेव्ह करा" एवढे लिहावे. संदेश पंधरा दिवसांतून एक पुरे.

हा नंबर घरचा नसावा, वेगळे सिम घ्यावे. रात्री अपरात्री "हाय" पाठवणाऱ्यांना उत्तर न देता ब्लॉक करावे, आणि ॲपमध्ये कामाची वेळ लिहून ठेवावी. मोठी ऑर्डर देतो असे सांगून "पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा" म्हणणारा ठगच. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. लाजेने दोन दिवस गप्प राहिले की रक्कम परत मिळणे कठीण होते.

गिऱ्हाईक टिकते ते तक्रारीच्या दिवशी. वस्तू तुटून पोचली, तर कुरियरवाल्याची चूक सिद्ध करत बसू नये. फोटो मागवावा, बदली वस्तू किंवा पैसे पाठवावेत आणि पुढच्या वेळी खोका जाड घ्यावा. ज्या बाईची तक्रार नीट मिटली ती नणंद-जावांना सांगते. नावाची वस्तू परत घेता येत नाही, हे मात्र आधीच सांगावे आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. एक साधी वही ठेवावी. कोणी काय घेतले, कोणत्या रंगात, कोणाच्या निकाहसाठी. सहा महिन्यांनी "भाभी, तुमच्या जानमाजला जुळेल असे जुजदान केले आहे" हा एक संदेश शंभर जाहिरातींना भारी पडतो.

फक्त आपल्याच सणांवर विसंबू नये. नाशकात लग्नसराईला रुखवताची मागणी असते, दिवाळीला तोरणांची. क्रोशाचे तोरण विणणारे हात आपल्या मोहल्ल्यात आहेत, आणि शेजारच्या ताई ते आनंदाने घेतात.

सरकारी बाजू थोडक्यात. वस्तू विकणाऱ्यांना महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन कंपन्यांमार्फत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही सूट मिळाली आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, एकदा सी.ए.ना विचारावे. पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत शिंपीकाम येते. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते. तिच्यातले कर्ज व्याजी आहे, पण ते घेतलेच पाहिजे असे नाही.

राहिला रमजानचा हंगाम. ईदुल फित्र २०२४ मध्ये ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. दरवर्षी दहा-अकरा दिवस ती अलीकडे येते आहे, म्हणजे ज्या घरात दहावी-बारावीची मुले आहेत तिथे परीक्षा आणि ऑर्डरी एकाच वेळी येतात. तेव्हा दोरा, कापड, खोके रजबमध्येच भरावेत आणि तयार माल शाबान संपेपर्यंत करून ठेवावा. नावाच्या ऑर्डरी १५ रमजानला बंद कराव्यात, नंतर फक्त तयार वस्तू द्याव्यात. ही शेवटची तारीख कॅटलॉगच्या पहिल्या चित्रावरच मोठ्या अक्षरांत लिहावी. खाली वर्णनात लिहिलेले कोणी वाचत नाही.