सीमेपारच्या फौजा आणि घरची कोठी

जुन्नरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता घाटघरला पोचतो, तेथे पठार संपते आणि कड्याखाली कोकण पसरलेले दिसते. गावाच्या उशाला जीवधन किल्ला आहे आणि जवळच नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख आहे. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची नावे आणि त्या यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन चढणारे तांडे याच वाटेने जुन्नरला जात आणि घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, अशी परंपरा सांगते. म्हणजे ज्यांच्या जकातीवर राज्य चाले, त्यांच्याच वाटेवर राज्याने आपल्या खर्चाचे आकडे मांडून ठेवले होते.

पण हा हिशेब दानाचा आहे, मोहिमांचा नाही. अश्वमेधाचा घोडा कोणाच्या शेतांतून गेला, त्याच्यामागून गेलेल्या सैन्यातले किती परतले आणि त्या काळात घरच्या कोठारांची स्थिती काय होती, याविषयी शिळा मौन पाळते. दान दगडात कोरावे आणि युद्धाचा खर्च अंधारात ठेवावा, ही सत्तेची सवय अशी फार जुनी आहे. परदेशात फौजा धाडाव्यात की तो पैसा घरच्या गरजांसाठी राखावा, हा वाद जेव्हा जेव्हा उद्भवतो, तेव्हा मूळ प्रश्न या मौनाचाच असतो.

या वादात दोन्ही पक्ष सहसा टोकाला जातात. एक पक्ष म्हणतो, घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झेलणाऱ्या गावांना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागत असताना परक्या भूमीवर रुपया तरी का खर्चावा? दुसरा पक्ष राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा दाखला देऊन हा प्रश्नच क्षुद्र ठरवतो. पहिला पक्ष हे विसरतो की, फौज परत आली म्हणून विहिरीला आपोआप पाणी लागत नाही. वाचलेला पैसा घाटघरला पोचेलच याची हमी कोणी दिलेली नसते. दुसऱ्याला याचा विसर पडतो की, प्रतिष्ठेची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांना ती आधी सांगितली गेली पाहिजे. महाराष्ट्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे अनुभवली आहेत.

पहिले उत्तर १९१४ ते १९१८ या महायुद्धाचे. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे त्या युद्धासाठी समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा मुख्य तळ मुंबई बंदर होते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूतला वेढा पडला, तेव्हा आत अडकलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेतील औषधपाण्याची व्यवस्था इतकी दारुण होती की, ब्रिटिश सरकारलाच चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९१७ मध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दहा कोटी पौंडांची ‘भेट’ युद्धासाठी देण्यात आली. लगेच पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत उतरून देशभर पसरली आणि एक कोटीहून अधिक माणसे दगावली. इस्पितळांना डॉक्टर आणि गोरगरिबांना धान्य हवे होते, तेव्हा देशाची शक्ती इतरत्र खर्ची पडली होती. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे सांगणाऱ्या शिळा आजही दिसतात. ज्या गावांना कोणी विचारलेच नव्हते, त्यांच्या वाट्याला हिशेब म्हणून तेवढी शिळा आली.

दुसरे उत्तर १९७१ चे. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. हा बोजा पेलत राहायचे की तो ज्या कारणाने निर्माण झाला ते कारण दूर करायचे, एवढाच पर्याय उरला. परराष्ट्राचा प्रश्न आणि घरचा प्रश्न त्या वर्षी एकच झाले होते. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट सक्तीचे झाले. मास्तरांच्या पत्रावर, कारकुनाच्या अर्जाच्या पाकिटावर ते तिकीट लागे आणि आपला पैसा कोठे जातो हे चिकटवणाऱ्याला ठाऊक असे. ३ डिसेंबरला पेटलेले युद्ध १६ डिसेंबरला संपले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य बांगलादेशातून माघारी आले. टपालाचे ते तिकीटही १९७३ मध्ये बंद झाले. हेतू स्पष्ट होता, मुदत अल्प होती आणि भार उघडपणे सर्वांवर होता.

त्या विजयाच्या पाठोपाठ महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. युद्ध आणि निर्वासितांवर झालेल्या खर्चाची ओढ त्या वर्षी जाणवली नसेल, असे कोण म्हणेल? पण त्याच संकटातून वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारातून तो आजही कापला जातो. त्या काळी नोकरदारांनी निर्वासितांसाठी तिकीट लावले आणि खडी फोडणाऱ्या मजुरासाठी पगारातून वाटा दिला. कोणासाठी आणि किती, हे सांगितले गेले तर मध्यमवर्ग दोन्ही भार उचलतो, असे त्या दशकाने दाखवून दिले.

तिसरे उत्तर श्रीलंकेचे. २९ जुलै १९८७ रोजी करार झाला आणि शांतिसेना समुद्र ओलांडून गेली. शांतता राखण्यासाठी गेलेले सैन्य ऑक्टोबरमध्ये लढू लागले. ते वर्ष भारतातील भीषण अवर्षणाचे होते. चारा-पाण्याच्या योजना आखल्या जात असतानाच तामिळ टापूत एकामागून एक डिव्हिजन उतरत होत्या आणि त्यांची संख्या चारवर गेली. उद्दिष्ट बदलत गेले, मुदत कोणीच सांगितली नाही. अखेर ज्यांनी बोलावले त्यांच्याच राष्ट्राच्या नव्या अध्यक्षांनी, प्रेमदासांनी, १९८९ मध्ये निघून जाण्यास सांगितले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी परतली, तोवर अकराशेहून अधिक भारतीय जवान धारातीर्थी पडले होते. त्यांचे स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेने उभारले. त्यांच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्यांना पाठवणाऱ्यांच्या आखणीविषयी. या बत्तीस महिन्यांत काय साधले आणि त्यासाठी काय मोजले, याचा ताळेबंद जनतेपुढे नीट आलाच नाही.

या तीन उत्तरांवरून एक कसोटी हाती येते. हेतू मर्यादित आहे काय, मुदत ठरली आहे काय आणि खर्च कोणाच्या खिशातून व कोणाच्या घरातून जाणार हे सांगितले आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मोहिमेला देता येत नाहीत, ती कितीही उदात्त वाटली तरी घरच्या कोठीला भोक पाडते. २००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये भारतीय फौज मागितली, तेव्हा देशात हे प्रश्न मोठ्याने विचारले गेले. संसदेत ठराव झाला, पक्षांतून आणि वृत्तपत्रांतून वाद झडले आणि जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने सरकारने नकार दिला. पुढे इराकचे जे झाले, ते पाहता त्या वादावर खर्च झालेला वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

परंतु असा वाद होणे ही परिस्थितीची कृपा असता कामा नये. परदेशी फौज धाडण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे बंधन भारतात सरकारवर नाही. अमेरिकेने व्हिएतनामचे चटके सोसल्यावर १९७३ मध्ये कायदा करून काँग्रेसच्या संमतीविना चाललेल्या लढाईला साठ दिवसांची मर्यादा घातली. तेथील अध्यक्षांनी तिला अनेकदा बगल दिली, ही गोष्ट वेगळी. जर्मनीत संसदेच्या संमतीविना सैनिक परदेशी लढायला जाऊ शकत नाहीत. भारतानेही निदान एवढे करावे: फौज बाहेर गेल्यापासून ठराविक दिवसांत सरकारने हेतू, मुदत व अंदाजित खर्च संसदेपुढे मांडावा, मुदत वाढवायची तर पुन्हा संमती घ्यावी आणि मोहीम संपल्यावर तिचा संपूर्ण हिशेब प्रसिद्ध करावा.

यावर गुप्ततेचा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. डावपेच चव्हाट्यावर मांडून युद्ध होत नसते. मालदीवमध्ये नोव्हेंबर १९८८ मध्ये काही तासांत विमाने पाठवावी लागली, तेथे आधी चर्चा करीत बसणे शक्य नव्हते. पण डावपेच गुप्त ठेवणे आणि हेतू गुप्त ठेवणे यांत फरक आहे. तातडीची मोहीम तातडीने निघावी, हिशेब मागाहून यावा. पण तो यावा.

जीवधनच्या माथ्यावर आजही दगडी धान्यकोठी उभी आहे. १८१८ च्या लढाईत तिला आग लागली आणि तिची राख पुढे कित्येक वर्षे आत पडून होती, असे सांगतात. किल्लेदाराला तोफांइतकीच त्या कोठीची काळजी असे, कारण कोठी रिकामी झाली की बुरूज कितीही भक्कम असला तरी फार दिवस टिकत नाही. दिल्लीतून फौज कोठेही जावो, तिची शिदोरी अखेर घाटघरसारख्या गावांच्या वाट्यातूनच बांधली जाते. त्या गावांना निदान ती किती बांधली आणि कशासाठी बांधली, हे विचारण्याचा हक्क असला पाहिजे.